किल्लेदाराचं फोमचं चिलखत

तारनाका, हैदराबाद, १२ मार्च

मालन,

पाकीट बघून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणाचं लग्न ठरलेलं नाही, आणि हे घर विकायचं नाही हा माझा विचारही बदललेला नाही. फोनवर आपलं दोन मिनिटांत वाजतं आणि मग तू फोन चारूच्या हातात देतेस, म्हणून लिहायलोय. चारूला म्हणावं पाकीट फोडू नको. आपणच इंग्रजी शाळेत घातल्यामुळं तिला माझं अक्षर लागणार नाही, तरी म्हणावं.

काम आहे. मराठी मंडळाचे नामदेवराव रविवारी आले होते. चपला काढायच्या आधीच विचारलं, "वहिनी कुठायत?" मी म्हणालो, पुण्याला, लेकीकडं, चारूकडं. "अजून?" म्हणाले. दीड वर्ष झालं हे मी काही सांगितलं नाही. चहा केला. साखर जास्त झाली, पण प्यायले बिचारे.

एक मेला मंडळाचं नाटक आहे. नामदेवरावांनी स्वतः लिहिलंय, देवगिरीच्या एका किल्लेदारावर. तीन तासांचं आहे म्हणे, देव प्रेक्षकांचं भलं करो. त्यात किल्लेदार आणि त्याचे शिपाई मिळून सात चिलखतं लागतात. तू दर वर्षी पुठ्ठा आणि चांदीचा कागद लावून करायचीस तसलं आता चालत नाही. मंडळात ती नवीन आयटीवाली पोरं आलीत ना, पुण्या-मुंबईची, त्यांना पुठ्ठा शाळेच्या गॅदरिंगसारखा वाटतो. त्यांतला सारंग नावाचा पोरगा किल्लेदार होणार आहे. त्यानं फोनवर मला कुठल्याशा परदेशी पोरांची चिलखतं दाखवली. फोमची! चपलेच्या तळव्याला असतो तो फोम. रंग दिला की हुबेहूब लोखंड दिसतं, खोटं कशाला बोलू.

नामदेवराव म्हणाले, "वहिनी नाहीत तर चिक्कडपल्लीच्या कुलकर्णीबाईंना सांगतो." मी म्हणालो, "कशाला? मी करतो."

त्यांनी कप खाली ठेवला. मग ते हसले. मी नाही हसलो. अगं, मंडळातलं तुझं काम एकदा दुसऱ्या बाईकडं गेलं की गेलं. परत आल्यावर मग तू काय पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणार?

तर प्रश्न असा आहे, की फोमला काय लावायचं? तू पुठ्ठ्याला मैद्याची खळ लावायचीस एवढं आठवतं. मी जन्मभर रेल्वेच्या अकाउंट्समध्ये कागदाला टाचणी लावली, चिकटवायचं काही माझ्याकडं कधी आलं नाही. गौलीगुड्याच्या बाजारातून फोमचे तक्ते आणलेत, ते दिवाणखान्यात तुझ्या पलंगावर पडलेत.

लवकर कळव.

हिम्मतराव

तारनाका, २७ मार्च

मालन,

उत्तर नाही. चारू फोनवर म्हणाली, "आईला पत्र मिळालं म्हणे." म्हणे! एका घरात राहता का दोन गावांत?

असू दे. माझं काम कुणावाचून अडलेलं नाही. आधी सुताराचा पांढरा गोंद लावून बघितला. रात्रभर वर खलबत्ता ठेवला, सकाळी उचलला तर आतला गोंद ओलाच्या ओला, दही लागल्यासारखा. लाकूड तो गोंद पिऊन घेतं, फोम काही पीत नाही. मग ती झटपट चिकटणारी छोटी ट्यूब आणली. चिकटलं, हौ, एका क्षणात चिकटलं, माझी दोन बोटंसुद्धा. पण सांधा वाळून काचेसारखा कडक झाला. सारंगनं छातीचा भाग घालून बघितला आणि बुटाची नाडी बांधायला वाकला, तर कडकन् आवाज. किल्लेदार लढाईआधीच फुटला.

मग त्यानंच ग्लू गन आणून दिली. विजेवर तापते, कांडी वितळून गरम चीक बाहेर येतो, लावला की पाच मोजेपर्यंत पक्का. वाकतोही छान. मला तर मजाच वाटायली. परवा एका बैठकीत मी दोन चिलखतं उभी केली. तू बघायला हवं होतंस. म्हणजे फोटो पाठवला असता, पण चारूच्या फोनवर पाठवायचा, मग ती तुला दाखवणार, मग तू "हं" म्हणणार, त्यापेक्षा नक्को.

इथं संध्याकाळ फार लांबते. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तालमीच्या दिवशी पोरं मापं द्यायला येतात तेव्हा घरात आवाज असतो. एकमेकांशी इंग्रजीत बोलतात, माझ्याशी मराठीत, आणि माझं मराठी ऐकून गालात हसतात. पण ही पोरं आहेत, यांचं वाईट वाटत नाही. तुमच्या सोसायटीतल्या त्या बाकड्यावरच्या म्हाताऱ्यांचं वाटलं होतं. गेल्या वर्षी महिनाभर होतो मी तिथं. मी म्हणालो, "मी हैदराबादहून आलोय, लेकीकडं रहायलोय," तर एक जण म्हणाले, "वा, तुमचं मराठी फारच गोड आहे हो! अजून काहीतरी बोला ना." नातवंडाला बोल म्हणतात तसं. मी परत खाली गेलो नाही. तू मात्र भजनी मंडळात, सकाळच्या फिरण्यात, नातीच्या शाळेच्या बसला. मी वर गॅलरीत बसून तुला गेटातून आत येताना बघायचो. तुझ्याबरोबर कायम कुणीतरी असायचंच.

हे कशाला लिहिलं कोण जाणे. चिलखतं छान झालीत एवढंच सांगायचं होतं.

हिम्मतराव

तारनाका, ९ एप्रिल

मालन,

सगळं मुसळ केरात गेलं.

दोन चिलखतांना चंदेरी रंग दिला आणि वाळायला गच्चीवर ठेवली. इथलं एप्रिलचं ऊन तुला सांगायला नको. दुपारी चारला वर गेलो तर खांदे एकीकडं, पाठ एकीकडं, सगळे सांधे उकललेले. ग्लू गनचा तो चीक गरमीनं चिकटतो आणि गरमीनंच सुटतो, हे कुणी मला आधी सांगायचं होतं! स्टेजवर मोठे दिवे असतात. नाटकाच्या तिसऱ्या अंकात शिपायांचे बनियन दिसले असते.

मी तिथंच टाकीच्या सावलीत बसून राहिलो. वाटलं नामदेवरावांना फोन करावा आणि सांगावं, बोलवा तुमच्या कुलकर्णीबाईंना. फोन हातात घेतला तर त्यावर चारूचा निरोप आलेला. जसाच्या तसा उतरवतो:

"बाबा, आई म्हणते चपलेला लावतात ते पिवळं सोल्युशन घ्या. दोन्ही बाजूंना लावायचं आणि हाताला चिकट लागेनासं होईपर्यंत थांबायचं, मगच जोडायचं. आई म्हणते बाबा न थांबताच चिकटवत असणार."

मी तो निरोप किती वेळा वाचला ते सांगत नाही. म्हणजे तू पत्रं वाचतेस. वाचून विचारही करतेस. आणि शेवटचं वाक्य, काय सांगू, मी डबा आणल्यावर पहिला तुकडा खरोखरच न थांबता चिकटवला. सरकून गेला. वर्ष झालं माझं तोंड बघितलं नाहीस तरी मी इथं काय करतो ते तुला तिथून दिसतं. तुला हे सोल्युशन कसं ठाऊक म्हणून विचार केला, तर आठवलं: चपला दुरुस्तीला दिल्या की तू तिथं उभी राहून बघायचीस. मी बाजूला पेपर वाचायचो.

आता जमलंय. पातळ हात दोन्ही कडांना द्यायचा आणि चहा पिऊन यायचं. पण जोडताना नेम धरून जोडावं लागतं. एकदा टेकलं की टेकलं, मग ओढलं तर फोम फाटतो पण सांधा सुटत नाही. उन्हात दिवसभर ठेवून बघितलं, हललं नाही.

वास मात्र भयंकर आहे. डोकं गरगरतं. शेजारच्या लक्ष्मीकांतम्मा दारात येऊन नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या आणि तेलुगूत बरंच काही बोलल्या. त्यातलं निम्मं मला कळलं, ते निम्मं चांगलं नव्हतं. खिडक्या उघडा म्हणाल्या. पण खिडकी उघडली की रस्त्याची धूळ ओल्या सोल्युशनवर बसते आणि सांधा धरत नाही. म्हणून मी सगळं आतल्या खोलीत नेलंय, खिडक्या लावून. तिथं छान वाळतं.

पुढचं काही विचारायचं असेल तर सरळ तुलाच फोन करू का?

हिम्मतराव

तारनाका, १९ एप्रिल

मालन,

अक्षर बघून हसू नकोस. डाव्या हातानं लिहायलोय. उजवा मुरगळलाय, बाथरूममध्ये पाय घसरला. काही विशेष नाही.

सातही चिलखतं होत आली होती, त्यातली दोन परत करावी लागणार. रंग बिघडला.

लक्ष्मीकांतम्माकडं चारूचा नंबर आहे असं कळलं. त्यांचा फोन आला तर फार मनावर घेऊ नका. त्या बाईला तिखटमीठ लावायची सवय आहे.

जेवणाचं बरं चाललंय.

हिम्मतराव

तारनाका, २४ एप्रिल

मालन,

परवा फोन वाजला. मी "हां चारू" म्हणालो आणि पलीकडून तू बोललीस. दीड वर्षात पहिल्यांदा तू स्वतः फोन लावलास. लक्ष्मीकांतम्मांनी सगळं सांगितलंच असणार, मला वाटलं आता शिव्या बसणार. खोटं बोललो म्हणून, खिडक्या बंद ठेवल्या म्हणून. तू म्हणालीस, "दिवा कशाला लावत होतात?"

एवढंच. मग तू "बरं, औषध घ्या" म्हणालीस आणि ठेवलास. तोंडानं सांगता आलं नाही ते लिहितो. हात अजून बांधलेला आहे, त्यामुळं हळू लिहायलोय.

त्या दिवशी दोन चिलखतांच्या कडांना सोल्युशन लावून आतल्या खोलीत जमिनीवर पसरून ठेवलं होतं. डबा उघडाच होता, अजून बाकीचं लावायचं होतं. खिडक्या बंद. दिवेलागण झाली. तुझं देवघर त्याच खोलीत, खाली पाटावर. मी नेहमीसारखे हात धुतले, निरांजनात तेल घातलं आणि काडी ओढली. सोल्युशनचा वास पेट घेतो हे मला कुठं ठाऊक? डब्यावर बारीक अक्षरांत छापलेलं होतं, ते नंतर वाचलं. जमिनीवरून एक निळा-पिवळा लोळ असा सरसरत आला, की मला काही कळेचना. डबा पेटेल म्हणून मी झाकण दाबायला गेलो, त्यात हात भाजला. ओरडलो असेन, कारण लक्ष्मीकांतम्मा काय झालं म्हणून "एमैंदी, एमैंदी" करत बादली घेऊन धावत आल्या आणि मी "पाणी नक्को" म्हणेपर्यंत अख्खी बादली ओतली. देवांची आंघोळ झाली. विझलं मात्र. त्याच मला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेल्या. मी त्यांच्याबद्दल मागं जे लिहिलं ते खोडून टाक.

आता दिव्याचं. चाळीस वर्षं मी तुझ्या देवांची थट्टा केली हे खरंय आणि माझं मत आजही तेच आहे. पण तू गेलीस त्या संध्याकाळी मी कुलूप उघडून आत आलो तर घरात अंधार. मला एकदम असं वाटलं, की इथं कुणी राहतच नाही. बटण दाबलं, ट्यूब लागली, तरी तसंच वाटलं. मग मी तुझं निरांजन लावलं. हात जोडले नाहीत. नुसता दिवा लावला आणि समोर बसलो. तेव्हापासून रोज लावतो. लावला की वाटतं तू स्वयंपाकघरात आहेस आणि आता हाक मारशील. विझला की मी जेवायला बसतो.

हे तुला कधी सांगणार नव्हतो. मला तुझी फार आठवण येते, मालन. फार. फोमची चिलखतं गेली खड्ड्यात.

चारूला सांगून मला पुण्याला नेण्याचा घाट घालू नका. मी भाजलो म्हणून कुणी माझी कीव केलेली मला चालणार नाही.

हिम्मतराव

तारनाका, ६ मे

मालन,

तू पुण्याला पोचल्याचा चारूचा निरोप मिळाला.

नाटकाआधी तू इथं आलीस तेव्हा मी दार उघडून काय बोललो आठवतं? "कळवायचं तरी." दीड वर्ष वाट बघितली आणि तोंडातून हे निघालं! तू पिशवी ठेवलीस, माझा हात बघितलास, आणि सगळ्या खिडक्या उघडल्यास. मग आपण गॅलरीत चटई टाकून जळालेली दोन चिलखतं परत केली. तू कापायचीस, मी डाव्या हातानं ब्रश फिरवायचो, मग दोघं वाळायची वाट बघत बसायचो. फारसं बोललो नाही. "जरा इकडं धरा," "थांबा हो, ओलं आहे अजून," एवढंच. मला वाटलं, झालं. आता सगळं जागेवर आलं. मी तुझ्या पलंगावरचा उरलेला फोमसुद्धा उचलून ठेवला, तुझ्या लक्षात आलं का?

नाटक तू पुढं बसून बघितलंस. मी विंगेत होतो. किल्लेदार पडतो त्या प्रवेशात सारंग गुडघ्यावर दाणकन् आदळला आणि मी डोळे मिटले. एक सांधा सुटला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या त्याच्या मरण्याला होत्या, पण मी त्या आपल्या धरल्या. नामदेवरावांनी माईकवर आपल्या दोघांचं नाव घेतलं. मी पडद्यामागून तुझ्याकडं बघितलं. तू हसत होतीस.

नंतर चहाच्या वेळी कुलकर्णीबाई तुला म्हणाल्या, "आता इथंच ना?" मी तुझ्या मागंच उभा होतो, बिस्किटांची ताटली घेऊन. तू म्हणालीस, "नाही हो, माझं आता तिकडंच." किती सहज म्हणालीस. आणि दुसऱ्या दिवशी तुझी मोठी कात्री आणि मापाचे सगळे कागद पिशवीत घालून त्यांना देऊन आलीस. मला जाता जाता सांगितलंस, भाजीला चाललेय म्हणावं तसं.

मला राग आला. तोंडावर बोललो नाही, इथं बोलतो. ते काम मी तुझ्यासाठी धरून ठेवलं होतं. त्याच्यापायी हात भाजून घेतला. आणि तू ते देऊन टाकलंस. दोन दिवस मी त्याच रागात होतो, तुझ्याशी धड बोललो नाही. सिकंदराबाद स्टेशनवर गाडी लागली, तू खिडकीशी बसलीस आणि विचारलंस, "येता का?" मी म्हणालो, "बघू." गाडी हलली.

घरी येऊन बसलो. तू डबे नव्यानं लावून गेलीस, मला साखर सापडली नाही, तसाच चहा प्यालो. आणि राग कुठं गेला कळलं नाही. तुझं काय चुकलं? तू तिकडं राहतेस. मीच इथं एका घराला राखण बसलोय, ज्यात परत यायचं तुझ्या मनात कधीच नव्हतं. कदाचित तू हे सांगितलंही असशील फोनवर, पण आपण भांडत होतो.

आता खरं कारण लिहितो, मी पुण्याला का येत नाही त्याचं. घरासाठी नाही. ते बाकड्यावरचे म्हातारे, माझं मराठी, तेही नाही; मी काही इतका नाजूक नाही. मला भीती वाटते. इथं मी एकटा आहे, त्याला कारण आहे, तू इथं नाहीस. कुणालाही सांगता येतं. तिथं त्या महिन्यात तू त्याच घरात होतीस आणि तरी मी एकटाच होतो. सकाळी तू फिरायला, दुपारी नात, संध्याकाळी भजन, रात्री दमून झोप. तुझ्यावर रागवायला जागा नव्हती, तू सुखात होतीस. मी परत निघालो तेव्हा तू म्हणालीस, "तुम्हाला इथं करमत नाही ना?" मी हो म्हणालो. करमत नव्हतं ते पुण्यामुळं नाही गं. तू शेजारी असून मला एकटं वाटलं, तर मग मी जायचं कुठं? या भीतीनं मी हे घर धरून बसलोय.

पण इथंही आता जमत नाही. हे मी पहिल्यांदा लिहितोय.

म्हणून एकच विचारतो. तुझं भजन, फिरणं, नात, सगळं असू दे. त्यातलं काही सोड म्हणत नाही. दिवसातून एकदा, चहाच्या वेळी, कपभर संपेपर्यंत तू माझ्याजवळ बसशील का? मी बोललो नाही तरी बसशील का?

चारूला मध्ये घालू नकोस. तू स्वतः "हो" एवढंच लिहून पाठव. मी लगेच पुण्याला यायला रेल्वेचा पास काढतो.

तुझा,
हिम्मतराव